शरणपूरची पहाट आणि पाळ्यांवर चालणारे शहर

ख्रिस्ती बांधवांचा सर्वांत मोठा सण कोणता, असे विचारले तर बहुतेक नाशिककर क्षणाचाही विलंब न लावता नाताळ असे उत्तर देतील. रस्त्यांवरील चांदण्या, बेकऱ्यांतील केक आणि दुकानांतील लाल टोप्या पाहता हे उत्तर स्वाभाविक आहे. परंतु ते बरोबर नाही. चर्चच्या वर्षात पहिला मान ईस्टरचा. येशू ख्रिस्त वधस्तंभावर मरण पावला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला, या घटनेवर ख्रिस्ती श्रद्धेची सारी इमारत उभी आहे. नाताळ नसता तरी ती कशीबशी उभी राहिली असती. ईस्टरविना ती उभीच राहू शकत नाही.

तरीही ईस्टर शहराच्या नजरेस फारसा पडत नाही. त्याच्या आधीचा गुड फ्रायडे सरकारी सुटीमुळे सर्वांना ठाऊक असतो. ईस्टर मात्र रविवारी येतो आणि त्याचे मुख्य विधी शनिवारी रात्री किंवा रविवारी पहाटे, शहर झोपेत असताना उरकतात. सोमवारी कचेऱ्या आणि कारखाने नेहमीप्रमाणे सुरू होतात. बाजाराने या सणाला अद्याप फारसा हात लावलेला नाही, हे एका अर्थी त्याचे भाग्यच म्हणावे लागेल. म्हणूनच सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत पाळ्यांवर चालणाऱ्या या शहरात माणसे एकत्र येतात ती कशासाठी आणि कशी, हे पाहायचे तर नाताळपेक्षा ईस्टरचा आठवडा अधिक बोलका ठरतो.

‘मंडळी’ म्हणजे कोण?

मराठी ख्रिस्ती समाजाची स्वतःची अशी एक शब्दसंपदा आहे. ‘चर्च’ हा शब्द इमारतीसाठी सर्रास वापरला जातो. पण त्या इमारतीत जमणाऱ्या लोकांना म्हणायचे ‘मंडळी’. मराठी बायबलमध्येही हाच शब्द येतो. घरातल्या माणसांना, जेवायला बसलेल्यांना, किंबहुना जुन्या पिढीत पत्नीलाही ज्या शब्दाने संबोधले जाई, तोच शब्द उपासनेसाठी जमलेल्या समुदायाला मिळाला, हे अर्थपूर्ण आहे. दुसरा शब्द ‘सहभागिता’. मूळ ग्रीक ‘कोइनोनिया’साठी योजलेल्या या शब्दात केवळ सोबत नाही, वाटणीही आहे: सुखात, दुःखात, पैशात आणि अन्नात. तिसरा शब्द ‘प्रीतिभोजन’, म्हणजे उपासनेनंतर सर्वांनी एकत्र बसून केलेले जेवण.

हे तिन्ही शब्द नाशकात नुसते पुस्तकात राहिले नाहीत. त्यांना या शहराच्या इतिहासात जागा मिळाली. तो इतिहास शरणपूर रोडवरून रोज ये-जा करणाऱ्या हजारो वाहनचालकांना बहुधा माहीत नसतो.

शरण आलेल्यांचे गाव

चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रज संस्थेने नाशकात १८३२ मध्ये काम सुरू केले. गोदाकाठच्या या क्षेत्री धर्मांतर करणाऱ्याची स्थिती बिकट होत असे. घर सुटे, जात सुटे, विहीर सुटे आणि बहुधा पोटापाण्याचा धंदाही सुटे. अशा माणसाला केवळ प्रार्थनामंदिर देऊन भागत नाही. त्याला राहायला जागा आणि करायला काम लागते. या गरजेतून १८५०च्या दशकात जुन्या शहराच्या पश्चिमेला एक वसाहत उभी राहिली. विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने तिच्या उभारणीत पुढाकार घेतला होता. तिचे नाव ठेवले गेले शरणपूर. अनाथ मुलांचा आश्रम, शाळा, सुतारकाम-लोहारकामाचे कारखाने आणि चर्च असे तिचे स्वरूप होते. राहणे, राबणे आणि प्रार्थना करणे, तिन्ही एकाच आवारात.

या आवारात केवळ मराठी माणसे नव्हती. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून नेल्या जाणाऱ्या मुलांना ब्रिटिश नौदल अरबी गलबतांतून सोडवीत असे. अशा मुलांपैकी काहींना मुंबईमार्गे शरणपूरला आणण्यात आले. ती येथे शिकली, हस्तकौशल्ये आत्मसात करून मोठी झाली. इंग्रजी कागदपत्रांत त्यांचा उल्लेख ‘नासिक बॉइज’ असा सापडतो. त्यांपैकी जेकब वेनराइट याचे नाव जगाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. प्रसिद्ध संशोधक-मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याचा १८७३ मध्ये आजच्या झांबियात मृत्यू झाला, तेव्हा त्याच्या सोबतच्या आफ्रिकी साथीदारांत शरणपूरचे विद्यार्थी होते. लिव्हिंग्स्टनचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरण्यात आले. त्या वेळी अंत्यविधीची प्रार्थना वेनराइटने वाचली आणि झाडावर अक्षरेही त्यानेच कोरली. पुढे साथीदारांनी तो देह शेकडो मैल वाहून समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनविधी झाला, तेव्हा शवपेटीला साथ देणाऱ्यांत वेनराइट होता. नाशकात प्रार्थना शिकलेल्या मुलाने आफ्रिकेच्या अरण्यात केलेला तो विधी शहराच्या इतिहासात ठळकपणे यावा असा आहे. पण तो फारसा कोणी सांगत नाही.

पुढे १८७५ मध्ये प्राइस याच्याच देखरेखीखाली मोंबासाजवळ ‘फ्रीअर टाउन’ ही मुक्त गुलामांची वसाहत उभारण्यात आली. तिच्या उभारणीतही शरणपूरच्या आफ्रिकी कुटुंबांचा वाटा होता. शरणपूर मात्र मराठी ख्रिस्ती वस्ती म्हणून राहिले. १९२९ मध्ये नाशिक हे अँग्लिकन धर्मप्रांताचे केंद्र झाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा निरनिराळ्या प्रोटेस्टंट परंपरा एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले आणि हा वारसा त्यात विलीन झाला. शरणपूरचे संत आंद्रिया चर्च आज याच परंपरेत आहे. कॅथलिकांचा नाशिक धर्मप्रांत १९८७ मध्ये पुण्यापासून वेगळा झाला. येशूसंघीय थॉमस भालेराव त्याचे पहिले बिशप होते. त्र्यंबक नाक्याजवळचे होली क्रॉस चर्च, नाशिकरोडचे संत अण्णा महामंदिर आणि फेब्रुवारीतील यात्रेला सर्वधर्मीयांची रीघ लागते ते बाळ येशू मंदिर ही या परंपरेची परिचित स्थाने होत.

एका पेल्याचा अर्थ

ईस्टरच्या आठवड्यात गुरुवारी येशूच्या शेवटच्या भोजनाचे स्मरण केले जाते. एक भाकर मोडायची आणि एका पेल्यातून सर्वांनी प्यायचे. युरोपात या विधीचा अर्थ प्रामुख्याने धर्मशास्त्रीय होता. महाराष्ट्रात त्याला एक वेगळीच धार होती. ज्या समाजात कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे नाही यावर माणसाची किंमत ठरत असे, तेथे ब्राह्मण आणि महार-मांग यांनी एकाच पेल्याला ओठ लावणे म्हणजे जगरहाटी मोडणे होते.

हे मोडणे सोपे नव्हते, याची सर्वांत प्रामाणिक साक्ष नाशिकच्याच एका कन्येने दिली आहे. शहराजवळच्या जलालपूर येथे जन्मलेली मनकर्णिका गोखले वयाच्या अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी विवाह होऊन लक्ष्मीबाई झाली. टिळकांच्या शिक्षणाची काही वर्षेही नाशकातच गेली होती. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या. परंतु सोवळे आणि विटाळ त्यांच्या मनातून एका दिवसात गेले नाहीत. ते कसे हळूहळू गळून पडले, हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त स्वतःची थट्टा करीत लिहिले आहे. १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले तेही नाशकात.

रेव्हरंड टिळकांनी या सहभागितेला मराठी सूर दिला. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या पदांचा मोठा वाटा आहे. ईस्टरच्या सकाळी पेटी-तबल्यावर अभंगाच्या चालीत गीते गायली जातात, त्यामागे ख्रिस्ती धर्माने परदेशी पेहराव उतरवावा, हा टिळकांचा आग्रह आहे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. चर्चच्या चौकटीत न मावणारी ही सहभागिता अनेकांना तेव्हा रुचली नव्हती. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले आणि तो प्रयोग फार पुढे जाऊ शकला नाही.

एका पेल्याने जात पुसली गेली, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. लग्न जमवताना ती अनेक घरांत अजूनही विचारली जाते. दुसरीकडे १९५०च्या राष्ट्रपती आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. त्या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. गुरुवारचा विधी या वास्तवाच्या मधोमध होतो, हे विसरता येत नाही.

पौर्णिमेनंतरचा रविवार

नाताळ ठरलेल्या तारखेला येतो. ईस्टर दरवर्षी सरकतो. यामुळे अनेकांचा गोंधळ उडतो, पण पंचांग पाहणाऱ्या मराठी माणसाला ही पद्धत परकी वाटू नये. इसवी सन ३२५ मधील नायसियाच्या धर्मपरिषदेने सर्व मंडळ्यांनी हा सण एकाच दिवशी साजरा करावा, असे ठरवले. पुढे रूढ झालेल्या नियमानुसार २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल या काळात कधीही येतो. ही पौर्णिमा आकाशातील नव्हे तर चर्चच्या कोष्टकातील असते. म्हणून क्वचित एखाद्या दिवसाचा फरक पडतो.

परिणामी ईस्टर कधी होळीच्या पौर्णिमेनंतर येतो, तर कधी चैत्री पौर्णिमेनंतर. २०२४ मध्ये तो ३१ मार्चला होता आणि आदल्याच दिवशी रंगपंचमी होती. जुन्या नाशकातील पेशवेकालीन रहाडींत दिवसभर रंगाच्या उड्या पडल्या आणि त्याच रात्री चर्चच्या आवारांत मेणबत्त्या पेटल्या. २०२५ मध्ये तो २० एप्रिलला, म्हणजे चैत्री पौर्णिमेनंतर आठ दिवसांनी आला. २०२६ च्या दिनदर्शिकेत झावळ्यांचा रविवार आणि कामदा एकादशी एकाच दिवशी, २९ मार्चला आहेत. कामदा एकादशी हा नाशकात काळारामाच्या रथाचा दिवस.

राखेपासून अग्नीपर्यंत

ईस्टरची तयारी चाळीस दिवस आधी सुरू होते. रविवार वगळून हे दिवस मोजले जातात. पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळावर राखेचा क्रूस रेखला जातो. ही राख गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली असते. उपवास, दानधर्म आणि प्रार्थना अशी या काळाची त्रिसूत्री आहे. मांसाहार वर्ज्य करणारी कुटुंबे आजही आहेत. कोणी चहा सोडतो, तर अलीकडे कोणी मोबाइलवर नियंत्रण घालतो. मध्ययुगीन युरोपात या काळात अंडीही निषिद्ध होती. कोंबड्या मात्र उपवास पाळत नसत. म्हणून साठलेली अंडी सणाला रंगवून वाटली जाऊ लागली. कवच फोडून बाहेर येणारा जीव हे रिकाम्या कबरेचे प्रतीक ठरले. आजच्या चॉकलेटच्या अंड्यांचे मूळ ते हेच.

शेवटचा आठवडा झावळ्यांच्या रविवारी सुरू होतो. गुरुवारी कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरू गुडघ्यांवर बसून बारा जणांचे पाय धुतात. आपल्याकडे पाय धुतले जातात ते वडीलधाऱ्यांचे, जावयाचे किंवा संतांचे. येथे मान असलेला माणूसच खाली वाकतो. जानेवारी २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलल्यानंतर या बारा जणांत स्त्रियांनाही अधिकृतपणे स्थान मिळाले.

शुक्रवार हा मौनाचा दिवस. कॅथलिक चर्चमध्ये त्या दिवशी घंटा वाजत नाही आणि मिस्साही होत नाही. क्रुसाच्या वाटेचे चौदा टप्पे चालले जातात. प्रोटेस्टंट मंडळ्यांत दुपारी बारा ते तीन अशी दीर्घ उपासना असते. वधस्तंभावरून येशूने काढलेल्या सात उद्गारांवर सात वक्ते बोलतात. वक्त्यांत केवळ पाळक नसतात. शिक्षिका, निवृत्त कर्मचारी, तरुण असे मंडळीतील सभासदही असतात. कोणाच्या वाट्याला क्षमेचा उद्गार येतो, कोणाच्या वाट्याला तहानेचा. एप्रिलच्या उन्हात तीन तास बसलेल्यांना या तहानेवर वेगळे भाष्य लागत नाही.

शनिवारी रात्री कॅथलिक चर्चमधील सर्व दिवे मालवले जातात. बाहेर नवा अग्नी पेटवून त्यावर मोठी पास्काची मेणबत्ती प्रज्वलित होते. तिच्यावर त्या वर्षाचे चार अंक कोरलेले असतात. त्या एका ज्योतीवरून शेकडो लहान मेणबत्त्या पेटत जातात आणि गुरुवारपासून मुक्या असलेल्या घंटा वाजू लागतात. प्रोटेस्टंट मंडळ्यांचा भर रविवारच्या पहाटेवर. सूर्योदयाच्या उपासनेची प्रथा जर्मनीतील हेर्नहूट येथे १७३२ मध्ये मोरेव्हियन ख्रिस्ती तरुणांनी दफनभूमीत सुरू केली, असे इतिहास सांगतो. महाराष्ट्रातही काही मंडळ्या ईस्टरच्या पहाटे दफनभूमीत जमतात. आदल्या दिवशी थडगी झाडून घेतलेली असतात. शुभवर्तमानानुसार रिकाम्या कबरेची बातमी प्रथम स्त्रियांना कळली. त्या पहाटेच्या गारव्यात आई-वडिलांच्या थडग्याशी उभे राहून ही कथा ऐकताना ती दोन हजार वर्षांपूर्वीची राहत नाही. मग चहा, पाव आणि अंडी अशी एकत्र न्याहारी होते आणि पहिल्या पाळीचे लोक तेथूनच कामावर जातात.

वसाहत विखुरली, मंडळी उरली

खरी अडचण येथून पुढची आहे. शरणपूरच्या काळात चर्चची घंटा ऐकू येईल इतक्या अंतरावर मंडळी राहत असे. कोण आजारी आहे, कोणाची चूल पेटली नाही, हे सांगावे लागत नसे. विसाव्या शतकात नाशिकरोडचा सिक्युरिटी प्रेस, रेल्वे, देवळालीची छावणी, ओझरचा विमान कारखाना आणि पुढे सातपूर-अंबड यांनी शहराचा नकाशा बदलला. अहिल्यानगर जिल्ह्यातील खेड्यांतून मराठी ख्रिस्ती कुटुंबे आली, तसेच केरळ, तमिळनाडू, गोवा आणि झारखंडमधूनही लोक आले. २०११च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या सुमारे १४ लाख ८६ हजार होती. संपूर्ण राज्यात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहूनही किंचित कमी. एवढा लहान समाज इतक्या पसरलेल्या शहरात, तोही निरनिराळ्या भाषांत आणि पंथांत विभागलेला.

अशा शहरात पाळकाचे किंवा फादरांचे काम रविवारच्या प्रवचनापुरते राहत नाही. पाथर्डी फाट्यावर एखादे कुटुंब नव्याने आलेले असते, सिडकोत कोणी अंथरुणाला खिळलेले असते, गंगापूर रोडवरील रुग्णालयात कोणाची शस्त्रक्रिया असते. शिवाय लग्ने, दफनविधी, शाळेच्या समित्या आणि न संपणारे कागदपत्र. पवित्र आठवड्यात हा भार दुप्पट होतो. कॅथलिक धर्मगुरूंसाठी त्यात आणखी एका विधीची भर असते. बिशप वर्षभराचे पवित्र तेल आशीर्वादित करतात, त्या मिस्सेसाठी सर्व धर्मगुरूंनी एकत्र यायचे असते. नाशिक धर्मप्रांतात नाशिकसह धुळे, नंदुरबार, जळगाव आणि अहिल्यानगर असे पाच जिल्हे येतात. अंतरे लक्षात घेता ही मिस्सा अनेक धर्मप्रांतांत गुरुवारऐवजी आधीच्या एखाद्या दिवशी ठेवली जाते.

अंतरावर चर्चेसनी शोधलेला उपाय जुनाच आहे, तो म्हणजे घर. आठवड्यातून एकदा परिसरातील आठ-दहा कुटुंबे कोणाच्या तरी दिवाणखान्यात जमतात. प्रोटेस्टंट मंडळ्यांत याला घरगुती प्रार्थनासभा म्हणतात, कॅथलिकांत लहान ख्रिस्ती समूह. गीत, वाचन, प्रार्थना, चहा. प्रार्थनेच्या विनंत्यांतच मंडळीच्या अडचणी कळतात: नोकरी गेली, मुलाला प्रवेश मिळाला नाही, सासूबाईंना रक्त हवे आहे. उपवासकाळात या सभा वाढतात आणि गुरुवारी पाय धुण्यासाठी बसणारे बारा जण किंवा शुक्रवारी बोलणारे सात जण पुष्कळदा याच समूहांतून पुढे येतात. घरातल्या प्रार्थनेकडे शेजाऱ्यांनी साशंक नजरेने पाहण्याचे प्रसंगही अलीकडे देशात अनेक ठिकाणी घडले आहेत. त्यामुळे अशी सभा भरवताना दोन्ही बाजूंच्या सौजन्याची कसोटी लागते.

सहभागितेची सर्वांत कठोर परीक्षा १२ एप्रिल २०२० रोजी झाली. टाळेबंदीत देशभरातील चर्चेस बंद होती आणि ईस्टर रिकाम्या बाकांसमोर पार पडला. उपासना मोबाइलवर आली. वृद्धांना नातवंडांनी फोन लावून दिले. ज्यांच्या घरी नातवंडे नव्हती त्यांची पंचाईत झाली. गीत पडद्यावर ऐकता आले. पण भाकर पडद्यावर मोडता येत नाही. काही मंडळ्यांत त्यानंतर एका पेल्याची जागा लहान-लहान पेल्यांनी घेतली आणि काही ठिकाणी ती पद्धत तशीच राहिली. आरोग्याच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. तरी ज्या पेल्यासाठी एकेकाळी माणसांनी घरदार सोडले, तो वेगळा झाल्याची रुखरुख जुन्या सभासदांना वाटली तर नवल नाही.

पडद्यावरील उपासना महामारीबरोबर संपली नाही. रात्रपाळीचे कामगार, परदेशी गेलेली मुले, जिना उतरू न शकणारे ज्येष्ठ यांच्यासाठी ती अनेक मंडळ्यांनी सुरू ठेवली. प्रभुभोजन मात्र अशा ज्येष्ठांच्या घरी प्रत्यक्ष न्यावे लागते. ईस्टरचा काळ त्या एका रविवारी संपत नाही. तो पन्नास दिवसांनी, पेन्टेकॉस्टला संपतो. पहाटेच्या गर्दीत जी माणसे दिसली नाहीत, त्यांच्या घरांच्या फेऱ्या याच दिवसांत सुरू होतात.